पाकिटाचा गोंद

महिन्याच्या एक तारखेला
जून, तू पाकिटाचा गोंद चाटतेस.
तोंड वाकडं करतेस आणि पुन्हा मागतेस.
आत काय असतं, मी सांगितलेलं नाही.

पहिल्या भेटीत खिडकीमागच्या हॉफस्टाडबाईंनी
पाळी कधी चुकली ते विचारलं नव्हतं.
"विमा कुठला?"
लाईल टोपी हातात धरून उभा,
वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोकं पडलेली टोपी.
म्हणाला, "रोख."
जसं काही आम्ही मेंढ्यांच्या बाजारात आलो होतो.

विमा घ्यायची मुदत जानेवारीत संपली,
तू फेब्रुवारीत कळलीस.
सरकारी मदतीच्या रेघेच्या
एकशेबारा डॉलर वर आमची कमाई.
एकशेबारा.
त्या वर्षी आम्ही तेवढे श्रीमंत होतो.

बाईंनी कागद फिरवून माझ्याकडे केला.
अठ्ठाविसाव्या आठवड्याआत सगळे भरले तर तीस टक्के सूट.
भूल वेगळी. भूल देणारा वेगळा.
काही गुंतागुंत झाली तर…
इथे त्यांचं पेन थांबलं.
तर मग बघू.

लाईलनं दुसरं वेल्डिंग मशीन विकलं.
आर्डिसनं साखर कारखान्यातला रात्रपाळीचा बोनस
कॉफीच्या डब्यात घालून आणून दिला,
वर थोडी कॉफी, मी नाही म्हणू नये म्हणून.
सोनोग्राफी एकदाच केली.
पडद्यावर तुझा कणा दिसला, चेनसारखा बारीक.
मुलगा की मुलगी, मी विचारलं नाही.
वाटलं, त्याचेही पैसे लावतील.

आणि मग ऑक्टोबर. बिटांचा हंगाम.
नव्वद मैल आम्ही एका ट्रकच्या मागे,
वळणावळणाला त्यातून बिटं गळत होती,
दिव्याच्या उजेडात रस्त्यावर मुंडक्यांसारखी.
दवाखान्याच्या आवारात पोचलो तेव्हा
अकरा वाजून वीस मिनिटं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
बारानंतर दाखल झालं तर
एका दिवसाचं भाडं वाचतं.

मी लाईलला म्हटलं, इंजिन बंद कर.
तो म्हणाला, वेडी आहेस का.
मी म्हटलं, हीटर राहू दे.
समोरच्या फळीला दोन्ही हातांनी धरून
मी घड्याळातले हिरवे आकडे बघत राहिले.
कळ आली की आकडे फुटायचे,
गेली की पुन्हा जुळायचे.
लाईल रडत होता, काचेकडे तोंड करून.
आणि मी तुला सांगत होते, पोटावर हात ठेवून,
थांब.
थांब गं.

तू थांबलीस.
चाळीस मिनिटं.

मग माझं रक्त थांबेना.
वाचवलेला दिवस असा गेला, आणि आणखी तीन.
बिलात लिहिलं होतं: रक्त, दोन पिशव्या.
कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.
त्याला सूट लागू नव्हती.

तेव्हापासून अठ्ठेचाळीस हप्ते.
दर महिन्याला पावती येते, छापील.
एकदा फक्त खाली निळ्या शाईत:
"कशी आहे?"
मला राग आला. का, कळलं नाही.
तीन महिने मी काही लिहिलं नाही.
मग एकदा चेकच्या तळाशी, कशाबद्दल लिहायच्या रेघेवर,
खाते क्रमांकाच्या पुढे लिहिलं: दोन दात.
पुढच्या वेळी: चालते.
नंतर: मांजराला घाबरत नाही.
बाईंनी पुन्हा काही लिहिलं नाही,
पण पावतीवरचं तिकीट बदललं,
झेंड्याच्या जागी पक्षी येऊ लागले.

हा शेवटचा.
रेघ रिकामी आहे, बोटभर लांब.
तिच्यावर ती चाळीस मिनिटं मावणार नाहीत,
आणि हॉफस्टाडबाईंना ती सांगून काय.

अजून तू कुठल्याही दारात उभी राहतेस,
मी हो म्हणेपर्यंत आत येत नाहीस.
आर्डिस म्हणते, किती शहाणी पोर.

पेन माझ्या हातात.
तू टेबलाशी टाचा उंचावून,
जीभ बाहेर काढून,
थांबली आहेस.