खोबण

मी टाकीचा माणूस. मला अक्षरं वाचता येत नाहीत,
नुसती कोरता येतात.
लेखक गेरूनं आखून देतो, मी त्याच्या मागून जातो.

त्रिरश्मीच्या डोंगरात, ओसरीच्या उजव्या भिंतीवर
भिक्खूंना दिलेलं शेत कोरलं:
पश्चिमेचं, विहिरीपासून बांधापर्यंत.
खाली, हे ज्याच्या सल्ल्यानं दिलं
तो अमात्य रोहगुत.

आठ दिवसांनी गोवर्धनाहून दुसरा माणूस आला.
सल्ला अमात्य इसिदिनाचा होता, म्हणाला,
त्यांचं नाव वर घे.
वर छत आहे, म्हटलं.
मग अक्षर मोठं काढ.
काढलं. पायथ्याच्या गुराख्याला दिसेल एवढं.

मोठं खरवड, असा निरोप आला.
मग निरोप यायचे थांबले, भालेवाले यायला लागले.
विणकरांच्या श्रेणीकडे व्याजानं ठेवलेलं धन
कुणाच्या मोहोरेनं ठेवलं, एवढ्यावरून
त्यांचा म्होरक्या दोन रात्री कोठडीत.
इसिदिनाचा घोडा दारणेच्या काठी सापडला,
पाय ताठ, तोंडाला हिरवा फेस.
त्याच पंधरवड्यात रोहगुताचा आचारी नाहीसा.
पैठणला म्हणे दोघं राजाच्या दोन बाजूंना बसतात
आणि एकमेकांना विडा देतात.

मी कोरतो. खरवडतो. कोरतो.
भिंत आत आत जाते.
माझ्या दाढीत राखाडी भुगा,
त्यात दोघंही आहेत. बायको म्हणते,
नदीवर धुऊन मगच भाकरीला बस.

आज कुणीच आलं नाही.
गेरूची वाटी सुकून तडकलीय.
गुराख्याला विचारलं, तर म्हणाला, राजा गेला,
नाहीतर आजारी असेल.
एक अमात्य रातोरात पळाला,
कोणता, ते त्याला नक्की ठाऊक नाही.

नावाच्या जागी कोपर जाईल एवढी खोबण.
धाकट्या भिक्खूनं त्यात पाण्याचा लोटा ठेवला.
नेमका बसला.

मी वरच्या ओळींवरून बोट फिरवलं.
त्या एकदाच कोरल्यात, हात विसरत नाही:
इथे विहीर. इथे बांध.

सतरा दिवसांची मजुरी राहिलीय,
निम्मी याच्याकडे, निम्मी त्याच्याकडे.
टाकीला धार लावायचे दोन पैसे
मीच दिलेत.