खुलासा

माननीय झगडे साहेब,
आपलं पत्र मिळालं. याच वर्गाची गणिताची सरासरी
सहावीत एकसष्ट, सातवीत त्रेपन्न,
ती का घसरली हे तीन दिवसांत लेखी कळवायचं होतं.
आज पाचवा दिवस. आकडे आधीच तयार होते,
मायना जमत नव्हता.

तर, धानोरीत आमच्या शाळेच्या भिंतीला लागून
पत्र्याची वसाहत आहे.
गेल्या दिवाळीपर्यंत वर्गात सव्वीस मुलं होती, सरासरी पंचावन्न.
मग पलीकडचा टॉवर पुरा झाला, पत्रे निघाले,
पत्र्यांबरोबर चार मुलं गेली. बावीसच्या आसपास गुण घेणारी.
दाखले न्यायलाही कुणी आलं नाही.
उरलेल्या बावीसजणांत एकाचाही गुण वाढला नाही
आणि सरासरी झाली एकसष्ट.

त्याबद्दल आपण मला शाल दिलीत,
शिवाजीनगरच्या सभागृहात, फोटोसकट.
मी ती घेतली, साहेब. खुलाशात हेही असू द्या.

यंदा शेजारीच दुसऱ्या टॉवरचा पाया खणला.
सहा नवी मुलं आली, कुणी यादगीरचं, कुणी मुखेडचं.
त्या सहांची सरासरी वीस.
जुने बावीस आता बासष्टवर आहेत.
तो वरचा एक गुण मी वर्षभर घासून मिळवलाय,
तक्त्यात तो दिसत नाही.
सगळे एकत्र करून भागा, त्रेपन्नच येतात.
भागाकारात चूक नाही.

"एकट्या सरासरीवर जाऊ नका, मध्यकही बघा,"
असं मी मिटिंगमध्ये म्हणाले होते.
तेवढ्यात चहा आला.

आमचे चोपडे सर म्हणाले, बाई, भोळ्या आहात.
परीक्षेच्या दिवशी सहाजणांना गैरहजर दाखवायचं.
शून्य दिलं तर संगणक मोजतो, कोरा रकाना मोजत नाही.
सर वाईट नाहीत, दोन वर्षांत रिटायर होतील.
मी रात्री घरी खरंच ते सहा रकाने पुसून पाहिले.
बासष्ट. आकड्याला हिरवा रंग आला.
मग एकेक करून पुन्हा भरले.

आणि ती गेलेली चार?
कुणी म्हणतं म्हाळुंगे, कुणी म्हणतं मोशी.
तिथेही एखाद्या बाई आत्ता असंच पत्र लिहीत असतील.
ओळख असेल तर त्यांना कळवा,
अंबव्वाला तोंडी हिशेब चोख येतो,
कागद पुढे आला की घाबरते.

काल आपलं पत्र माझ्या टेबलावर उघडं राहिलं.
ईरण्णानं ते वाचलं. जूनमध्ये त्याला
फळ्यावरचं स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं.
गुण सव्वीस, नव्या सहांत पहिला,
पेपरातले भागाकार सगळे चुकलेले.
म्हणाला, "बाई, मी किती खाली आणलं?"
सोड रे, म्हटलं. सोडेना. खडू घेतला.
चौदाशे चौऱ्याऐंशीतून आपले सव्वीस वजा केले,
अठ्ठावीसमधून स्वतःला वजा केलं.
मध्येच लोहगावचं विमान डोक्यावरून गेलं,
तो थांबला नाही.
सत्तावीसचा पाढा ओठांत म्हणत, एकदा चुकून,
बाहीनं पुसून, पुन्हा
भाग लावला. चोपन्न.
"एकच गुण," तो म्हणाला. "मला वाटलं लई असंल."
मग खाली रेघ ओढून माझ्याकडे बघितलं.
"बाकी शून्य. बरोबर?"

बरोबर, म्हटलं.

सोबत तक्ता जोडला आहे.
फळा अजून पुसलेला नाही,
येऊन गेलात तर बरं.

आपली,
हेमलता बुट्टे