एका वर्षाचं भाडं

एक तारखेला बिल येतं डॉलरांत,
मी ते रुपयांत मांडून बघते
पोदेराचा भोंपू वाजायच्या आत.
या खेपेला एकवीस हजार चारशे.
कशाचे? तर चोडणच्या पाण्याची वेळ सांगण्याचे.

आमची साइट तेवढंच सांगते:
भरती कधी, ओहोटी कधी,
रायबंदरची फेरीबोट सुटली की गाळात बसली.
रोज चार हजार माणसं येतात.
काल चार हजार, परवा वीस कमी,
चवथीला थोडी ओसरतात, नाताळात थोडी चढतात.
तीच ती माणसं. तिसऱ्या काढणाऱ्या बायका,
खाजनातल्या मानशीची दारं सांभाळणारे दोघे,
आणि बोट चुकली की ज्यांची सही चुकते
ते हायस्कुलातले मास्तर.

तीन वर्षांपूर्वी मांडवीत एक बार्ज रुतली.
तिचा फोटो टाकला आणि अख्खा गोवा आला बघायला.
साइट झोपली.
त्या रात्री रुझारनं एका सर्व्हरचे सहा केले,
गर्दी वाढली तर आणखी वाढतील असे,
आणि एका ओळीत लिहून ठेवलं: किमान सहा.
बार्ज चौथ्या दिवशी निघाली.
सहा तिथंच राहिले,
शंभरातलं चार टक्के काम करत
आणि उरलेल्या शहाण्णवात
त्या एका रात्रीची वाट बघत, तासाच्या भाड्यानं.

आमच्या शेजारच्या घरात दिल्लीची मंडळी उतरतात,
रात्रीला साडेचार हजार मोजतात.
तेच घर वर्षाच्या करारानं घेतलं
तर महिन्याला पंधरा हजारांत पडतं.
मी जन्मले या बेटावर,
आणि तीन वर्षं पर्यटकाचा दर भरत होते.

रविवारी दार लावून बसले.
कशालाच न जोडलेल्या चार डिस्क सापडल्या.
रोज रात्री घेतलेल्या प्रतींचा ढीग, अकराशेवर.
कोणी कोणत्या मिनिटाला कुठली ओहोटी विचारली
याच्या नोंदी, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या.
आणि एक मशीन, नाव ‘रुझार-चाचणी’,
चौदा महिने कोणीही न उघडलेलं,
रात्रंदिवस चालू.

रुझार आता स्विंडनला गोदामात खोकी लावतो.
आजोबांचा जन्मदाखला पोर्तुगीज होता, तो कामी आला.
मी विचारलं, तुझं ते काढून टाकू?
पाळी संपल्यावर उत्तर आलं: कितें तें? काड गो.
काढण्याआधी आत डोकावले.
‘वारा’ नावाची एक फाइल, अर्धी लिहिलेली.
त्याला वाऱ्याचाही अंदाज द्यायचा होता म्हणे,
मला कधी बोलला नाही.
ती माझ्या लॅपटॉपवर घेतली. इथं भाडं लागत नाही.
मग काढलं.

सहाचे दोन ठेवले, तेही लहान.
एक पुरला असता,
पण पहाटे तो मेला तर सोमावती पाण्यात कुठल्या भरवशावर उतरेल?

शेवटी त्या पानानं विचारलं:
एक वर्षाची हमी देता की तीन?
तीनला सूट पुष्कळ, जवळजवळ निम्म्याहून जास्त.
बोट तीनवर थांबलं.
माझेही कागद मडगावच्या वकिलाकडे पडून आहेत
पावसाळ्यापासून. पानाला हे ठाऊक नव्हतं,
आईलाही नाही.
मी एकवर टिचकी मारली.

सहा हजार सातशे.

सोमवारी ओहोटी चार बावन्नला.
चार वीसला कोणीतरी पान उघडलं, मग आणखी पाच,
मग दिवसभर ती नेहमीची रेघ,
खाजनाच्या बांधासारखी सपाट.
कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी धक्क्यावर सोमावती भेटली,
टोपलीतल्या तिसऱ्यांवर ओला पाचोळा.
म्हणाली, तुझ्या त्या फोनातलीं अक्षरां बारीक गो,
मातशीं व्हड कर.

त्याला पैसे पडत नव्हते.
बोटीतच केली.