टिंबाचा रकाना

वही आहे अजून. लांबट, खतविक्रेत्यानं फुकट दिलेली,
कव्हरावर युरियाच्या गोणीचं चित्र.
पानांना मैदानाचा रंग चढलाय,
कडेला घामट अंगठे, सगळे माझेच.
चव्वेचाळीस मुली, महिना तीनशे,
पहाटे साडेपाच ते साडेसात,
विट्यात, मागांच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत.
लाईट गेली की खटखट थांबते,
माझी शिट्टी एकदम मोठी वाटते
आणि मीच दचकते.

तेजल आली दिवाळीला, पुण्याहून.
एकदा खांबावर सूर मारताना हिनं हनुवटी फोडून घेतली होती.
पाच टाके. अजून दिसतात.
म्हणाली, मॅडम, बंद करा आता ही वही.
म्हटलं, बंद कशी करू, ती मिटतच नाही नीट.

दोन वर्षं नुसतं बघू, बघू.
पोरींना रोज ओरडते,
खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, फाऊल आहे.
पण मिळालेला खो पाठीवर घेऊन
तसंच चौकात बसून राहणं,
त्याला काय म्हणतात
ते मी कधी शोधलं नव्हतं.

उठले.

आता मुलगी कार्ड दाखवते, फोन टुंग करतो, हजेरी लागते.
फी आपोआप येते.
आया भेटल्या की मी पूर्वी चपलांकडं बघत बोलायचे,
आता तोंडाकडं बघते.
ईश्वरीला तीन वर्षं सांगत होते, पाय उशिरा टाकतेस.
व्हिडिओ हळू करून दोघींनी बघितला.
पाय वेळेवर होता. खांदा आधी वळत होता.
ती काही बोलली नाही, मीच म्हटलं,
चुकलं गं माझं.

तिचे वडील कोइमतूरला, गलाईच्या दुकानात.
भट्टीपुढं बसून सोनं वितळवता वितळवता
लेकीचा सामना बघतात.
मी निरोप टाकते, फोन मुशीपासून लांब ठेवा.
ते अंगठा पाठवतात.
मग पुन्हा एक अंगठा, ती बाद न होता
नऊ मिनिटं पळाली त्याबद्दल.

एक तारखेला सकाळी सात वाजता
यंत्रानं स्वतःहून सगळ्यांना निरोप धाडले.
ज्यांची राहिली त्यांना लाल अक्षरात.
तीन तारखेला आफरीन आली नाही.
चारला नाही. पाचला तिच्या चौकात
दुसरीच कुणीतरी बसली, आणि साखळी तुटली.

वही काढली.
आफरीन मुलाणी. नावापुढं शिसपेन्सिलीचं टिंब.
टिंब म्हणजे, मागायचं नाही.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.
अशी सात टिंबं होती यंदा.
नावं चढवली तेव्हा सगळी चढली,
टिंबं वहीतच राहिली.

संध्याकाळी गेले. मुलाणी रात्रपाळीला निघालेले,
रुमालात दीडशे रुपये बांधून ठेवलेले,
बाकीचे पंधरा तारखेला, म्हणाले.
म्हटलं, ठेवा ते, मशीनची चूक झाली.
माणूस वीस वर्षं मागावर उभा,
हसला.
मशीन चुकत नाय मॅडम,
धागा जोडणारा चुकतो.

घरी येऊन तेजलला फोन लावला.
एक रकाना पाहिजे.
कसला?
त्यात नाव टाकलं की निरोप जाऊ नये.
लाल दिसू नये. कुणालाच काही दिसू नये.
करते. नाव काय देऊ रकान्याला?
टिंब.
टिंब? म्हणजे काय, मॅडम?

खरं तर सांगायचं नव्हतं.
म्हटलं, तू सहावीत असताना
तुझ्या नावापुढं होतं ते.

पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग कळ दाबल्याचा आवाज,
एक.
थांबून, दुसरा.