जंगी

पाटगाव सोडलं तेव्हा धरणाच्या पाण्यावर
वाफ नुसती, चुलीवरच्या पातेल्यासारखी.
पुढे दौलू रेडेकर, निवृत्त हवालदार,
मोज्यांत तंबाखूची भुकटी, खिशात मिठाची पुरचुंडी.
"दसरा झाला म्हणून जळवांना सांगितलंय का कुणी?"
म्हणाला, आणि मागं न बघता चालू लागला.

तांब्याची वाडी. भटवाडी.
एका पडवीत मधाच्या पेट्या एकावर एक,
आणि एक बाई: "गडावर? पाणी घ्या की भरून."
तिच्या कळशीवर नाव कोरलेलं, नवऱ्याचं,
खाली मुक्काम फिरोजपूर.
दौलूनं दोनदा वाचलं. "कुठली पलटण, वैनी?"
"आता काय करायचीय पलटण," ती म्हणाली,
आणि माझी बाटली काठोकाठ भरली, थोडी सांडलीच.

मग जंगल. आणि जंगलात एकाएकी जोती.
उठून गेलेल्या वाडीची. मी चौदा मोजली,
दौलूनं सोळा. दोन, म्हणे, जाळीनं गिळली.
उखळात पावसाचं पाणी, पाण्यात एक फणसाचं पान.
फणस अजून धरतो. खातात गवे.
"गड राखायला वसवलेली माणसं ही," दौलू म्हणाला,
"लढाया संपल्या, पगार थांबला,
तरी पिढ्यान् पिढ्या बसली हितंच.
परेडला उभं केलं, आणि विसर्जन म्हणायला
कोण आलंच न्हाई."

रांगणा दिसला तो भिंतीसारखा नाही,
झाडांनी अंगावर घेतलेल्या गोधडीसारखा.
दरवाजा, पायऱ्या, पायऱ्यांत मुळं,
आणि तटात जंग्या, ओळीनं.
मी फोटो काढत होतो.
दौलू पोटावर आडवा झाला, साठी उलटलेला माणूस,
आणि एका जंगीला डोळा लावला.
बराच वेळ काही बोलला नाही.
"उजवी सोंड आंधळी हाय," शेवटी म्हणाला.
"मी असतो तर तिकडं दोन माणसं जास्त ठेवली असती."
मग मला जागा दिली.
"बघ. बाहेरनं टीचभर, आतनं हातभर."

खाली सगळं कोकण, निळसर,
एक पत्र्याचं छप्पर चमकतंय, आणि कुणी येत नाहीये.
कोपराखाली दगडात खळगा होता, गुळगुळीत.
माझं कोपर त्यात बसलं नाही.
कुणाचं तरी बसत असणार.

रांगणाईच्या देवळात मुक्काम केला.
माझ्या घोट्याचं रक्त थांबेना;
दौलूनं मीठ लावलं, वर शिवी हासडली, जळूला.
शेकोटीपाशी विचारलं, चौकीवर झोप आली तर काय करायचात?
"एकोणतीसचा पाढा," तो म्हणाला.
"सत्त्याऐंशीच्या फुडं चुकायचं.
मग परत पहिल्यापास्नं. निघायची रात."

पहाटे कधीतरी जाग आली.
शेजारची घोंगडी रिकामी.
बाहेर तटावर, अंधारात, कुणीतरी बसलेलं,
तोंड कोकणाकडे.
एकोणतीस, अठ्ठावन्न,
सत्त्याऐंशी.
मग वारा. बराच वेळ वारा.
पुढचा आकडा मला येत होता.
मी बोललो नाही.