एक जून

वुल्व्हरहॅम्प्टनच्या दवाखान्यात
डॉक्टर प्रिचर्ड मला पडद्यावरून वाचून दाखवतो.
माझ्या निम्म्या वयाचा पोरगा, कानात बाळी,
बोट माउसच्या चाकावर.
तुम्हाला पेनिसिलिन चालत नाही.
चालतं की, म्हटलं, गेल्या हिवाळ्यात चाललं.
उजवी किडनी काढलेली, दोन हजार नऊ.
मी कमरेवर हात ठेवला.
आहे. म्हणजे असावी.
पडदा इतक्या खात्रीनं बोलतो
की माणूस स्वतःला चाचपून बघतो.
आणि एक मूल, सातव्या महिन्यात...
इथे त्याचा आवाज खाली आला.
माझ्यासाठी. चुकीच्या बाईसाठी.

क्रॉयडनला कुणी एक आहे,
तीही सुलभा, तीही जगदाळे,
जन्म एक जून एकोणीसशे बावन्न.
नाव तेच, तारीख तीच;
यंत्रानं दोघींची गाठ मारून टाकली.

त्याला कोण सांगणार
की आमचा अर्धा तालुका एक जूनला जन्मला.
शाळेत नाव घालायला बाप घेऊन गेला.
मास्तर म्हणाले, कधीची?
बाप म्हणाला, हरभरा सोंगत होतो बघा.
मास्तरांनी दौतीत टाक बुडवला.
ती शाई वाळली, पासपोर्टात उतरली,
विमानात बसली,
इथल्या दहा आकडी नंबराला चिकटली,
आणि आता म्हणे ढगात ठेवलीय.
हे प्रिचर्डला इंग्रजीत कसं सांगू?
गावाकडची पद्धत आहे, एवढंच म्हटलं.

तीन आठवड्यांनी पत्र:
फायली वेगळ्या केल्या आहेत,
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
गैरसोय कसली.
तीन आठवडे मी पाणी जास्त प्यायले,
उगाच, एका किडनीच्या हिशोबानं.
आणि त्या सातव्या महिन्याशी
भांडी घासताना दोनदा बोलले.

पण माझं काय गेलं तिकडे?
नव्व्याण्णव सालच्या झोपेच्या गोळ्या,
ज्या घरात कुणालाच ठाऊक नाहीत.
'कारण' या चौकटीत
तेव्हाच्या नर्सनं काहीतरी लिहिलं होतं, बराच वेळ.
मी ते अजून वाचलेलं नाही.
क्रॉयडनला कुणी वाचलं असेल का,
आवाज खाली आणून?

आज काउंटरवर फॉर्म आहे.
तुमची माहिती संशोधनाला देऊ का? हो. नाही.
नाव काढून टाकतात, काळजी नको,
पलीकडची ब्रॉन्विन म्हणाली.
काढा बाई, नावानंच तर घोळ केला.
फक्त एक जून दिसला की जरा थांबा,
विचारा, तेव्हा शेतात काय चाललं होतं.
हे मनात.
माझं पेन उमटेना, तिनं तिचं दिलं.
मी 'हो'वर खूण केली.

जन्मतारीख? तिनं विचारलं.
तीच सांगितली.
दुसरी कुठून आणू?