पाठमोरा

कल्लोळला दूधगंगा कृष्णेत उतरते तिथं
पाण्याचे दोन रंग थोडा वेळ शेजारी शेजारी चालतात,
मग कोण कुठलं ते कुणी विचारत नाही.
आमचे आप्पा तिथं नाव चालवायचे.
हातातल्या काठीला ते हुट्टू म्हणायचे, आव्वा वल्हं म्हणायची.
भांडण व्हायचं ते दुसऱ्याच कशावरून.

येडूरच्या यात्रेला माणशी आठ आणे,
नवरा-नवरी फुकट,
शेळी असली तर शेळीचेही घ्यायचे.
पुढं बंधारा झाला. लोक वरून चालत जाऊ लागले.
नाव अंगणात पालथी पडली,
तिच्याखाली कोंबडी अंडी घालू लागली,
आणि माझा भाऊ भरमा
बेळगावला भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

पुण्यात एका सुभेदारानं त्याचे पंजे उलटसुलट पाहिले,
विचारलं, पाण्याची भीती?
हा म्हणाला, "पाण्यातच हाय की आमचं घर."
वर्षातले आठ-दहा दिवस ते खरंही असायचं.

पहिल्या सुट्टीला आला तेव्हा पाटावर बसून दाखवलं त्यानं:
पाय असे बांधलेले, बूड मागंपुढं सरकतं,
दोन हातांत दोन वल्ही,
आणि तोंड इकडं, मागं.
आप्पा बराच वेळ बघत राहिले.
"म्हंजे जायचं तिकडं पाठ?"
"होय."
"मग माणसं कुठं बसवतोस?"
"माणसं नसत्यात आप्पा. एकटाच."
त्यांनी तंबाखू मळली, चुना झाडला.
"मग पलीकडं जायचं कशाला?"

पहिल्या वर्षी सहावा.
दुसऱ्या वर्षी नाव उलटली, हैदराबादचा तलाव पिऊन आला.
तिसऱ्या वर्षी चौथा, म्हणजे फोटोत न आलेल्यांतला पहिला.
मग भोपाळ. सात मिनिटं अकरा सेकंद.
तो सांगतो, शेवटची रेषा कधी दिसतच नाही.
दिसतात ते मागं पडलेले,
श्वासागणिक लहान होत जाणारे.
जो दिसत नाही, तो तुझ्या पुढं आहे असं समजायचं.
त्या दिवशी पाचही जण दिसत होते.
भोंगा वाजला तो आधी पाठीला ऐकू आला.

कोल्हापूरच्या पेपरात तो सीमाभागाचा सुपुत्र,
बेळगावच्या कन्नड पेपरात नम्म हुडुग,
आणि दाखल्यावर, राज्याच्या रकान्यात, सेनादल.
चिकोडीच्या कचेरीत बक्षिसाचा अर्ज दिला:
"आमच्याकडून खेळला नाही की."
कोल्हापुरात दिला: "रहिवासी इथले नाही तुम्ही."
भरमानं दोन्ही अर्ज एका पिशवीत घातले
आणि येताना त्याच पिशवीतून वांगी आणली.

तीन वर्षं तो देशात पहिला होता.
चौथ्या वर्षी कमरेतली एक चकती सरकली.
डॉक्टरनं उजेडावर धरून दाखवली.
पदकापेक्षा लहान होती.
आता तो साखर कारखान्याच्या गेटवर
उसाच्या ट्रॉल्या मोजतो, उभ्यानं,
कारण बसलं की दुखतं.

मागच्या ऑगस्टात पाणी मारुतीच्या पायरीला लागलं, मग मारुतीला.
सरकारी बोट येणार होती. येणारच होती.
गुऱ्हाळातली काहिल ओढून आणली दोघांनी.
काहिलीला पुढची बाजू नसते, मागचीही नसते,
पण आप्पा एकीकडं तोंड करून उभे राहिले, हातात वेळू,
आणि भरमा कण्हत बसला, त्यांच्याकडं पाठ करून.
आप्पा दिशा सांगत होते. तो ओढत होता.
मधे चंपाव्वा, तिच्या दोन शेळ्या, गोधडीत गुंडाळलेला टीव्ही,
मी, आणि मांडीवर माझी पोरगी.
शेळ्यांचे घेतले नाहीत त्या दिवशी.

भरमाचं तोंड माझ्याकडं होतं,
नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं.
मी मान वळवली नाही.
"काय दिसतंय रे?"
त्यानं एक ओढ पुरी केली, दुसरी केली.
"कौलं," म्हणाला. "अजून दिसत्यात."